सोनाबाईच्या पसंतीचा बॉक्स

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी म्हशीला दाखवायची पद्धत होती. देवापुढं नंतर. आबांनी नवी छत्री घेतली तेव्हा ती दोन दिवस गोठ्यात दावणीच्या वर उघडी टांगली होती. आईनं हौसेनं नारिंगी साडी घेतली, तर ती नेसून तिला आधी गोठ्यात दोन फेऱ्या माराव्या लागल्या. सोनाबाईनं फुरफुर केली आणि ती साडी पुढं फक्त परगावच्या लग्नांत नेसली गेली. थोरल्या अक्काला बघायला पहिलं स्थळ आलं ते अत्तर लावून आलं. आबांनी पाहुण्यांना चहाच्या आधी, "आमच्या म्हशी तर बघा की," म्हणून मागं नेलं. सोनाबाईनं मान झटकून त्या मुलाकडं पाठ फिरवली आणि आबांनी तिथंच मनातल्या मनात नकार देऊन टाकला. दुसऱ्या स्थळाचा हात तिनं चाटला. ते माझे दाजी. संसार आजतागायत उत्तम चालला आहे, तेव्हा या पद्धतीला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. आईचं मत वेगळं होतं. "मला बघाया आलते तवा म्हस संगं आणली न्हवती, एवढंच माझं नशीब," असं ती भाकरी थापता थापता, आबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

आबा आईला 'अगं ए' म्हणायचे आणि म्हशीला 'सोनाबाई'. त्याला कारण होतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरामागं गोठा होता, त्यात चार म्हशी होत्या, आणि चौघींत सोनाबाई सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात नखरेल. मनाविरुद्ध काही घडलं की ती पान्हा चोरायची. कास तट्ट भरलेली असायची, पण ती दूध वरच धरून ठेवायची. आबांनी कितीही गोंजारलं तरी थेंब सोडायची नाही. सकाळी घरच्या घरी हे एक वेळ चाललं असतं. पण संध्याकाळी आबा तिला घेऊन दूधकट्ट्यावर जायचे. तिथं गिऱ्हाईक हातात पेला धरून समोर उभं राहायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून, कोमट, फेसासकट दूध त्याला द्यायचं. दुधात पाणी घातलं असं आबांना आयुष्यात कुणी म्हणू शकलं नाही, कारण पाणी घालायला मध्ये जागाच नव्हती. आबांचा सगळा मान त्या धारेत होता आणि ती धार सोनाबाईच्या मर्जीवर होती.

अशा घरात मी बास गिटार वाजवायला लागले.

गिटार मामाचं. तो एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. पुढं पन्हाळ्याला कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, मामीनं काय अट घातली कोण जाणे, पण एका दिवाळीत गिटार आणि त्याचा अँप्लिफायर दोन्ही आमच्या माळ्यावर येऊन पडले. अँप्लिफायर ठणठणीत होता. ज्याच्यातून आवाज बाहेर पडायचा तो स्पीकरचा बॉक्स मात्र कामातून गेला होता, कारण आतल्या कागदी पडद्यावर उंदरांनी दोन पिढ्या वाढवल्या होत्या. बॉक्स नसला की बास वाजते तेवढी फक्त वाजवणाऱ्याच्या पोटाला कळते. मी त्यावर एक युक्ती काढली होती. गिटारचं टोक आईच्या भांड्यांच्या लाकडी कपाटाला टेकवून धरलं की अख्खं कपाट घुमायचं. सगळ्यात जाड तार छेडली की दुधाच्या किटलीचं झाकण थरथरायचं, तिच्या वरची छेडली की पितळी डबा, आणि मध्येच एका जागी चटणीची बरणी. मी सूर शिकले ते भांड्यांवर. आईसुद्धा शिकली. "नंदे, बरणी वाजली. म्हंजे परत चुकलीस न्हवं?" असं ती चुलीपुढून म्हणायची, आणि खरंच चुकलेलं असायचं.

शालनताई आमच्या पेठेतल्या शाळेत संगीत शिकवायच्या. पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर त्यांनी बायकांचा वाद्यवृंद काढला होता. त्यांची बास वाजवणारी मुलगी लग्न होऊन गेली आणि कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी जाऊन त्यांना कपाटाला टेकवून वाजवून दाखवलं. त्यांच्या माडीवर कपाट होतं म्हणून बरं. त्या गालातल्या गालात हसल्या, पण अट घातलीच. "बॉक्स तुझा स्वतःचा हवा. आणि तो या जिन्यावरून तुला एकटीला वर आणता आला पाहिजे. आधीच्या मुलीचा बॉक्स घेऊन तिचे दोन भाऊ यायचे, आणि मग ते जायचेच नाहीत. पुढच्या रविवारपर्यंत बघ. नाही जमलं तर बासचं काम मी कीबोर्डवर डाव्या हातानं भागवीन."

मला त्या वृंदात जायचंच होतं. कॉलेजात मी दुधवाल्याची पोरगी होते. बाकावर शेजारी कुणी बसलं की थोड्या वेळानं खिडकीकडं सरकायचं. आईनं कितीही शिकेकाई चोळली तरी गोठा अंगाला राहतोच. त्या माडीवर अर्धा तास मला कुणी वासावरून ओळखलं नाही, वाजवण्यावरून ओळखलं. शालनताईंचा डावा हात ती जागा घेणार, हे मला चालणार नव्हतं. आज मी मुलींना बास शिकवते आणि त्या कानात हेडफोन घालून, जगाला पत्ता न लागू देता शिकतात, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो आणि थोडी कीवही येते.

बॉक्स बघायला दस्तगीर मिस्त्रींकडं गेलो. ते गणपतीतल्या मंडळांसाठी बॉक्स बनवायचे आणि पंधरा इंचांखालचा स्पीकर त्यांच्या लेखी कानातलं फूल होता. माझ्याबरोबर आबा आले होते, कारण वस्तू घरात येणार म्हणजे म्हशीच्या वतीनं कुणीतरी हवं. मिस्त्रींनी दोन बॉक्स पुढं ओढले. एक पंधरा इंची, माझ्या छातीपर्यंत येणारा. दुसरा दहा इंची, कुणाच्या तरी हौसेखातर केलेला आणि मग कुणीच न नेलेला, धान्याच्या डब्याएवढा. आबांनी गुरांच्या बाजारातल्यासारख्या दोन्हींभोवती चकरा मारल्या, पाठीवर थापा दिल्या, पुढच्या भोकात कोपरापर्यंत हात घालून बघितला आणि विचारलं, "खोड काय हाय ह्यांची?"

मिस्त्रींना प्रश्न बरोबर कळला. "मोठ्याची खोड वजन. बारक्याची खोड अशी, की त्येला कोपऱ्यात धरून उभा करायला लागतोय. मोकळ्यात सोडला की आवाज पळून जातोय बगा."

"आणि गुण?"

"मोठ्याला सगळं गुणच गुण. बारका आपला गरीब हाय."

मी मोठ्याच्या प्रेमात पडले होते. मिस्त्रींनी त्यात अँप्लिफायर जोडून दिला आणि मी जाड तार नुसती शिवले, तर आवाज चपलांमधून तळव्यात शिरला. भांड्यांच्या कपाटावर दोन वर्षं काढलेल्या माणसाला हे काय वाटेल सांगता येत नाही. "उचलतो की मी ह्यो," मी आबांना म्हणाले. आमच्याकडं पोरीही उचलतो, जातो, येतो असंच म्हणतात. उचलला; वीतभर वर आला आणि माझ्याच अंगठ्यावर बसला. डोळ्यांत पाणी आलं, तरी मी हाच घेणार म्हणून अडून बसले. मिस्त्रींच्या घरी दूध आमचं जायचं. "आबा, दोन्ही घिऊन जावा. चार दिस वाजवून बगा. न्हाई पटला त्यो परत," असं म्हणून त्यांनी वाद मिटवला आणि दोन्ही बॉक्स हातगाड्यावर चढवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे धारेच्या वेळेला मोठा बॉक्स गोठ्यात नेला. पद्धतच होती. शहाबादी फरशीवर तो दणकट उभा केला, माळ्यावरून वायर सोडली आणि मी आवाज अगदी बारीक ठेवून जाड तार छेडली. पत्र्यावरची कबुतरं उडाली. हौदातलं पाणी थरथरलं. चारी म्हशींनी एकदम माना वर केल्या. सोनाबाईनं आधी पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा, मग मागचे दोन्ही अशा घाईनं उचलले की बादली आडवी होऊन आबांच्या मांडीत आली. "बंद कर! बंद कर आदी!" आबा ओरडले आणि लगेच आवाज बदलून, "सोनाबाई, काय न्हाई, काय न्हाई. पोरगी हाय आपली," म्हणून तिची मान खाजवत बसले. दूध नाहीच.

संध्याकाळी कट्ट्यावर तर कहर झाला. आबांचे रोजचे गिऱ्हाईक, पेन्शनीतले एक गुरुजी, पेला धरून अर्धा तास उभे होते. त्यांच्या मागं रांग. सोनाबाई कुणाकडंही न बघता नुसती शेपटी हलवत राहिली. कुणीतरी मागून म्हणालं, "आबा, म्हस भाकड झाली काय हो?" हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की आबा रिकामी किटली घेऊन आले, टोपी खुंटीला लावली आणि जेवायला बसलेच नाहीत. आईनं तांबडा रस्सा केला होता. आबा तांबड्या रश्श्याला नाही म्हणाले, म्हणजे घरात कुणीतरी आजारी असल्यासारखंच झालं.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही; अजूनही राहत नाही. "एका म्हशीपायी म्या वाजवायचंच न्हाई व्हय आबा?"

आबांनी रिकामी किटली पालथी घातली. मग म्हणाले, "वाजवू नको असं कवा म्हनलो मी? तिला पटंल असं वाजीव की."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी धाकटा बॉक्स उचलला. एकटीनं, एका हातानं. कालच्या जागेवर ठेवायला वाकले तर आबांनी मला थांबवलं. कोपऱ्यात पेंडीची दोन पोती होती, ती एकावर एक सारखी करून त्यांनी बॉक्स वर ठेवला. तो बरोबर सोनाबाईच्या कानाच्या उंचीला आला. "भुई हालली की जनावराला खुरातनं कळतंय," ते म्हणाले. "त्येला वाटतंय आता काय खरं न्हाई. तिला कानानं ऐकू दे, पायानं नको." मी भीत भीत वाजवायला सुरुवात केली. आवाज गरीबच होता, पण कोपऱ्याच्या दोन भिंतींनी त्याला पाठबळ दिलं आणि तो गोल होऊन बाहेर आला. सोनाबाईनं एक कान वळवला. मग दुसरा. मग तिनं रवंथ सुरू केलं. आबा उकिडवे बसले, नेहमीसारखं कपाळ तिच्या कुशीला टेकवलं, आणि बादलीत पहिली धार वाजली. थोड्या वेळानं त्यांच्या धारा माझ्या तालात पडत होत्या की मी त्यांच्या धारांच्या तालात वाजवत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. बादली फेसानं काठोकाठ भरली.

"कसं वाटलं, आबा?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? मी दूध काढतोय," आबा म्हणाले आणि उठून गेले. मोठा बॉक्स त्याच दुपारी परत गेला. तोही पोत्यांवर ठेवून बघायला काय हरकत होती, हे मला सुचलं ते जवळजवळ वीस वर्षांनी, भाजी निवडताना. तोवर उशीर झाला होता.

रविवारी सकाळी मी बॉक्स घेऊन गिरणीवरच्या जिन्यानं एकटी चढून गेले. शालनताईंनी माझ्याकडं बघितलं, बॉक्सकडं बघितलं, मग माझ्या मागं जिन्याकडं बघितलं. "बाकीचा खाली आहे का?" त्यांनी विचारलं. मी बॉक्स सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर ठेवला, गाणं सुरू झालं, ड्रम सुरू झाले आणि माझी बास कुणाला ऐकूच येईना. मलासुद्धा. "नंदा, वाजवते आहेस ना?" शालनताईंनी विचारलं आणि त्यांचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर जाऊन बसला. माझे कान तापले. उद्यापासून पुन्हा खिडकीकडं सरकणाऱ्या पोरी, असं डोळ्यांपुढं आलं. मग त्याच भीतीत मला मिस्त्रींचा कोपरा आठवला, आणि आबांची पोती. माडीवर गिरणीची पोती होतीच. मी कुणाला न विचारता दोन पोती कोपऱ्यात ओढली, त्यावर बॉक्स चढवला, बरोबर कानाच्या उंचीला, आणि पुन्हा वाजवलं. ड्रमवाली मुलगी वाजवता वाजवता माझ्याकडं वळून हसली. आणि शालनताईंचा डावा हात पट्ट्यांवरून आपोआप उचलला गेला. तो कुठं जातो आहे यावरच माझा डोळा होता. तो मांडीवर जाऊन पडला आणि तिथंच राहिला.

"हे कुठं शिकलीस?" त्यांनी नंतर विचारलं.

"म्हशीकडं," मी खरं सांगितलं. सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं, पोरगी विनोदी आहे.

एकच गोष्ट मला साधत नव्हती. आमच्या पहिल्या कार्यक्रमाच्या मुख्य गाण्यात मुखडा संपून खालच्या सुरांकडं उतरताना मी एक सूर जास्तीचा घ्यायची, अडखळायची आणि मग जागेवर यायची. हीच ती बरणी वाजायची जागा. शालनताई दर रविवारी म्हणायच्या, "तो जास्तीचा सूर काढून टाक." माडीवर काढून टाकायची, घरी गोठ्यात बसले की तो परत यायचा. आणि गोठ्यात मी आता रोज दोनदा वाजवत होते. पहाटे धारेच्या वेळी, आणि चार वाजता सोनाबाई कट्ट्याकडं निघायच्या आधी. आबांनीच तसं ठरवून टाकलं होतं. त्यांचं म्हणणं, चारला ऐकून गेली की सोनाबाई कट्ट्यावर लगेच पान्हा सोडते, गिऱ्हाइकाला उभं राहावं लागत नाही. याचा अर्थ काय होतो हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आई तेवढी एकदा म्हणाली, "तिला सवय लावून ठेवलीयासा. उद्या नंदीचं लगीन झालं तर सासरी म्हस पण पाठवायची काय?"

कार्यक्रम संध्याकाळचा होता. मी आबांना म्हणाले, "या की तुमी बी." आबा म्हणाले, "कट्टा कोन बगनार?" मला ते लागलं. छत्री म्हशीला दाखवायला ज्यांना दोन दिवस होते, त्यांना माझ्यासाठी एक संध्याकाळ नव्हती. आई आणि अक्का येणार होत्या, त्यावर समाधान मानून मी दुपारी बाराला बॉक्स घेऊन घराबाहेर पडले. आधी माडीवर शेवटची तालीम, मग सगळ्यांनी मिळून टेम्पोतून सभागृहात. चार कधी वाजले मला कळलंच नाही.

टेम्पो कट्ट्यापाशी अडकला. तिथं गर्दी रोजची, पण त्या दिवशी रांग रस्त्यावर आली होती. मागच्या फळीवरून मी मान काढून बघितलं. सोनाबाई उभी होती. गुरुजी रिकामा पेला धरून उभे होते. आबा उकिडवे बसले होते, कपाळ तिच्या कुशीला, हात कासेला, आणि धार नव्हती. आज चार वाजता मी घरी नव्हते. मी फळीवरून पाय खाली टाकला. पण उतरून करणार काय होते? अँप्लिफायरला वीज कुठली? "नंदा, बस खाली, उशीर होतोय," शालनताई पुढून ओरडल्या.

तेवढ्यात मला ऐकू आलं. "ढूम्. ढूम् ढुडुम्. ढूम्." सुरुवातीला मला कळेना कोण ते. आमच्या घरात आबांचा गाण्याचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. आरतीला ते नुसते टाळ्या वाजवायचे. ते आबा भर कट्ट्यावर, वीस माणसांपुढं, डोळे मिटून, म्हशीच्या कुशीत तोंड खुपसून, माझी बास घुमत्या आवाजात म्हणत होते. एकही जागा न चुकता. मुखडा संपला, आबा खाली उतरले, आणि उतरताना त्यांनी तो जास्तीचा सूर घेतला, अडखळले, आणि मग जागेवर आले. अगदी मी चुकते तसे. आणि धार सुटली. रांगेतलं कुणी हसलं नाही. गुरुजींनी शांतपणे पेला पुढं केला. टेम्पो हलला आणि मी फळीला धरून रडत राहिले. ड्रमवाल्या मुलीला वाटलं, मी स्टेजला घाबरले.

कार्यक्रमात ती जागा आली तेव्हा मला ती बरोबर वाजवता येत होती. महिनाभर घोकली होती. मी तो जास्तीचा सूर घेतला. शालनताईंनी कीबोर्डवरून असे काही डोळे वटारले की पहिल्या रांगेतल्या आईलाही दिसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यात बसले. बॉक्स पोत्यांवर, आबा उकिडवे. कट्ट्यावर मी त्यांना बघितलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

"झालं का झ्याक?" आबांनी कपाळ न उचलता विचारलं.

"झालं. एका जागी चुकलो बघा."

"उतरताना व्हय?"

आबांनी बादली पायांत नीट धरली.

"चुकू दे," ते म्हणाले. "सोनाबाईला तितंच पान्हा फुटतोय."